प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेले टर्बियम ऑक्साईड

टर्बियम मँगनाईट (टर्बियम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचे संयुग) याचे नमुने तयार करण्यासाठी आम्ही मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील एका रसायनविक्रेत्याकडून ९९.९ टक्के शुद्धतेचे टर्बियम ऑक्साईड घेतले. भुकटी अपेक्षेप्रमाणे गडद तपकिरी होती. परंतु लेबलवर दोन टर्बियमला तीन ऑक्सिजन असे, म्हणजे पांढऱ्या ऑक्साईडचे, सूत्र छापलेले होते. गडद भुकटीत हे प्रमाण साधारण चार टर्बियमला सात ऑक्सिजन असे असते, त्यामुळे लेबलवर विसंबून वजन केल्यास टर्बियम सुमारे २ टक्के कमी भरते.

ही चूक क्षुल्लक नाही. या संयुगात मँगनीजचे चुंबकीय आघूर्ण (प्रत्येक अणूच्या सूक्ष्म चुंबकत्वाचे बळ व दिशा) सुमारे ४१ केल्व्हिनला लाटेसारखे मांडले जातात, सुमारे २८ केल्व्हिनखाली त्या लाटेचे चक्राकार वळण होते आणि त्या वळणातूनच विद्युत ध्रुवण (धन व ऋण प्रभार किंचित विलग होणे) जन्मते; चुंबकीय क्षेत्राने ते ध्रुवण ९० अंशांनी वळते, हे २००३ मध्ये किमुरा व सहकाऱ्यांनी दाखवले. इतक्या नाजूक परिणामाच्या मोजमापात टर्बियम कमी पडल्याने तयार होणारी अशुद्ध प्रावस्था (नको असलेले दुसरे संयुग) परवडत नाही.

तक्रारीनंतर विक्रेत्याने विश्लेषण-प्रमाणपत्र विनातक्रार दिले, हे मान्य करावे लागेल. लँथॅनम ऑक्साईड (टर्बियमच्याच गटातील दुसऱ्या धातूचे ऑक्साईड) मात्र त्यांच्याकडून पावसाळ्यात घेऊ नये: साध्या झाकणाच्या बाटलीत ते मुंबईची दमट हवा शोषून घेते आणि वापरण्यापूर्वी भट्टीत तापवावेच लागते.