व्हॅनिलिन करायचंय: बुरशीकडून की रसायनांनी?

रबाळे किंवा महाप्याला सुगंधी द्रव्यांचं छोटं युनिट असेल आणि व्हॅनिलिनमध्ये (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) उतरायचं मनात असेल, तर आधी गिऱ्हाईक लेबलवर ‘नैसर्गिक’ मागतंय का ते बघा. मागत नसेल, तर बुरशीच्या नादी लागू नका. ग्वायाकॉल आणि ग्लायॉक्सिलिक आम्ल या रसायनांपासून केलेल्या व्हॅनिलिनशी ती भावात टिकत नाही.

युरोप-अमेरिकेत मात्र वनस्पतीतलं फेरूलिक आम्ल घेऊन सूक्ष्मजीवांकडून करवलेलं व्हॅनिलिन नैसर्गिक म्हणून विकता येतं, भावही कितीतरी चढा मिळतो. हे आम्ल तांदळाच्या कोंड्यातून निघतं, म्हणजे कच्चा माल देशातच आहे. १९९६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी बुरशींची जोडी वापरून दाखवली: ॲस्परजिलस नायजर फेरूलिकचं व्हॅनिलिक आम्ल करते, पिक्नोपोरस सिनाबॅरिनस त्याचं व्हॅनिलिन. अडचण इथेच सुरू होते. व्हॅनिलिन साचलं की बुरशीलाच बाधतं, आणि पिक्नोपोरस त्याचं पुढे व्हॅनिलिल अल्कोहोलही करून टाकते. म्हणून ते तयार होताहोता रेझिनवर (द्रव्य शोषून धरणारे बारीक मणी) ओढून घ्यावं लागतं. उद्योगात यासाठी ॲमायकोलाटॉप्सिससारखे जिवाणूही वापरतात. त्यांचा विचार जरूर करा.

स्टेरॉइडची गोष्ट वेगळी, तिथे बुरशी रसायनांवर मात करते. मर्क या औषध कंपनीची कॉर्टिसोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) बनवण्याची पद्धत ३० हून जास्त पायऱ्यांची होती. १९५२ मध्ये अपजॉन या दुसऱ्या औषध कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी रायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या नेमक्या ११ व्या कार्बनवर एका पायरीत ऑक्सिजन बसवून घेतला. प्रोजेस्टेरॉन मेक्सिकोतल्या रानटी कंदातल्या द्रव्यापासून बनवता येत होतं. अशा अवघड जागेसाठी मी डोळे झाकून बुरशी निवडेन.

चाचणी फ्लास्कवरच करा. बुरशीचे वाण पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडून घ्या. नायजरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन हे विष करतात, म्हणून तेही तपासून घ्या. शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) दोन-तीन दिवसांत बुरशीने साबुदाण्याएवढ्या गोळ्या धरल्या, की अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं फेरूलिक आम्ल सोडायचं. शेजारी आणखी दोन फ्लास्क हवेतच: एकात नुसती बुरशी, दुसऱ्यात नुसतं आम्ल. नाहीतर टीएलसी प्लेटवरचा (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून दाखवणारी पट्टी) ठिपका बुरशीने केला की आम्ल आपोआप बिघडलं, ते कळणार नाही.

आणि सांडपाण्याचा हिशेब आधीच मांडा. बुरशीच्या पाण्यात घातक द्रावकं कमी, पण माल विरळ असल्याने पाणी भरपूर निघतं आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) चढतो. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र ते पाणी कोणत्या मर्यादेत घेईल, ते फर्मेंटरची ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या.