‘काइंड ऑफ ब्लू’ नंतर कोण: कोल्ट्रेन की कॅननबॉल?

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकली, आवडली, आता पुढे काय? जॅझकडे नव्याने वळलेल्या माणसाचा हा ठरलेला प्रश्न, आणि त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं: जॉन कोल्ट्रेन. माझं उत्तर वेगळं आहे. पण आधी दोघांना शेजारी बसवून पाहू.

ही रेकॉर्ड १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत झाली, न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत. माइल्सच्या ट्रम्पेटसोबत दोन सॅक्सोफोन होते: कोल्ट्रेनचा टेनर (खालच्या सुरातला) आणि ज्युलियन ‘कॅननबॉल’ ॲडर्लीचा आल्टो (त्याहून चढ्या सुरातला). पहिली चीज ‘सो व्हॉट’. आपल्या कानाला तिची चौकट लगेच कळते, कारण तिचे स्वर काफी थाटाचे आहेत. सोळा मात्रासमूह (चार-चार मात्रांचे ‘बार’) एका षड्जावरून, मग आठांसाठी अख्खा षड्ज अर्ध्या स्वराने वर, शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. कोल्ट्रेन आणि कॅननबॉल इथे पाठोपाठ वाजवतात. स्वर तेच, साथ तीच, तरी दोन माणसं किती वेगळी! हा फरक त्यांच्या घरांतून आणि उमेदवारीतून आलाय.

कोल्ट्रेनचा जन्म १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट गावचा. दोन्हीकडचे आजोबा चर्चमध्ये प्रवचनं देणारे, वडील शिंपी, तेही कोल्ट्रेनच्या पोरवयातच गेले. पुढे फिलाडेल्फिया, नौदलाचा बँड, मग ऱ्हिदम अँड ब्लूजच्या (ठेकेबाज नाचगाण्यांच्या) फिरत्या बँडांत हमाली, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेसच्या हाताखाली नोकरी. १९५५ मध्ये माइल्सने घेतलं तेव्हा तिशीला आलेला हा माणूस फारसा कुणाला ठाऊकही नव्हता. १९५७ मध्ये हेरॉइनपायी माइल्सने काढून टाकलं. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडलं, पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये वाजवलं आणि १९५८ मध्ये तो माइल्सकडे परतला तो झपाटल्यासारखा. एकाच स्वरसंगतीवर (कॉर्डवर) जितके पलटे बसतील तितके एका दमात घ्यायचे, एकही सोडायचा नाही. समीक्षक आयरा गिटलरने या वादनाला ‘शीट्स ऑफ साउंड’ म्हटलं ते याच काळात. ऐकणाऱ्याला दम लागतो, हे मी कबूल करतो. आजोबांचं व्यासपीठ मात्र त्याने सोडलं नाही. १९६४ ची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही उघड उघड प्रार्थना आहे. मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, पंडित रविशंकरांवरून. १९६७ मध्ये चाळिशीत गेला.

कॅननबॉल १९२८ चा, फ्लोरिडाचा. आईवडील दोघं शिक्षक, आणि तो स्वतः फोर्ट लॉडरडेलच्या हायस्कूलमध्ये बँड शिकवायचा. (नावाचा तोफेशी संबंध नाही. खादाडपणामुळे पोरं ‘कॅनिबल’ म्हणत, त्याचा अपभ्रंश.) १९५५ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, ‘कॅफे बोहेमिया’ या क्लबात बासवादक ऑस्कर पेटिफर्डच्या बँडसोबत ऐनवेळी वाजवायला बसला आणि शहरभर बोलबाला झाला. आल्टो सॅक्सोफोनचा बादशहा चार्ली पार्कर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारला होता, म्हणून लोकांनी ‘नवा पार्कर’ असा शिक्काही मारून टाकला. पण त्याच्या वादनात मला ऐकू येतो तो मास्तर. वाक्य पूर्ण करणार, मागच्या बाकापर्यंत पोचवणार, मध्येच गंमत करणार. १९५९ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत रेकॉर्ड झालेल्या मैफलीत ‘धिस हिअर’ सुरू करण्याआधी तो श्रोत्यांशी चक्क गप्पा मारतो. १९६६ चं ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ तर खूपच गाजलं. ती चाल त्याचा व्हिएन्नाहून आलेला पियानोवादक जो झाविनुल याची. कव्हरवर शिकागोच्या क्लबचं नाव असलं तरी रेकॉर्डिंग लॉस एंजलिसच्या स्टुडिओत, बोलावलेल्या श्रोत्यांसमोर झालं.

माझ्या शब्दांवर विसंबू नका, तपासून पाहा. ३ फेब्रुवारी १९५९ ला, म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’च्या महिनाभर आधी, माइल्सला वगळून त्याच्याच बँडने शिकागोत एक रेकॉर्ड केली: ‘कॅननबॉल ॲडर्ली क्विंटेट इन शिकागो’. तिच्यात दोघांना एकेक संथ चीज एकट्याने मिळाली आहे. कॅननबॉलला ‘स्टार्स फेल ऑन अलाबामा’, कोल्ट्रेनला ‘यू आर अ वीव्हर ऑफ ड्रीम्स’. लागोपाठ ऐका. पहिल्यात जीव रमला तर ‘समथिंग एल्स’ घ्या. १९५८ च्या या रेकॉर्डवर नाव कॅननबॉलचं आहे आणि माइल्स साथीदार म्हणून वाजवतो. दुसरीने अस्वस्थ केलं तर कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’, पण तिच्या पहिल्या चिजेपासून नको. तिथे स्वरसंगती इतक्या भराभर बदलतात की नवखा माणूस रेकॉर्ड बंद करतो. ‘नाइमा’ लावा. तिथे पियानो, बास, ड्रम्सवर ‘काइंड ऑफ ब्लू’तलीच मंडळी भेटतील: विंटन केली, पॉल चेंबर्स, जिमी कॉब.

मी मात्र नवख्याला आधी कॅननबॉलकडेच पाठवतो. मास्तराकडून अक्षरओळख झाली की कोल्ट्रेनचं प्रवचन झेपतं.

सॅक्सोफोनपेक्षा पियानो आवडत असेल, तर निवड आणखी सोपी. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पाचपैकी चार चिजांत पियानोवर बिल एव्हान्स आहे: पाश्चात्त्य अभिजात पियानोच्या तालमीतला, कॉलेजात बासरीच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला, मितभाषी. त्याच्यासाठी २५ जून १९६१ ची, न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबातली रेकॉर्डिंग्ज ऐका. उरलेल्या ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये मात्र विंटन केली, कारण तिथे अस्सल ब्लूज हवा होता आणि केली ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये, गायिका डायना वॉशिंग्टनच्या साथीत मुरलेला होता. ‘जरा ठेका धरावासा वाटतोय’ म्हणणाऱ्याने त्याच्या मागे जावं.

एक व्यवहाराची गोष्ट. पेटी घेऊन सोबत वाजवणार असाल तर ‘काइंड ऑफ ब्लू’ची १९९२ नंतरची आवृत्ती घ्या. २ मार्चला टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या एलपीवर पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा थोड्या चढ्या सुरात वाजतात. पेटी उगाच ट्यूनिंगला न्याल.