आईच्या छातीतली चित्रा झडप : चार वर्षांनंतर

लहानपणी आलेल्या संधिज्वराने आईच्या हृदयातली मायट्रल झडप (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) पार आकसली होती. कोथरूडच्या घरी दोन जिने चढताना ती तीनदा टेकायची. सर्जननी टीटीके चित्रा ही कृत्रिम झडप सुचवली. भारतीय म्हणून मी आधी बिचकलो, खोटं कशाला बोलू! ऑपरेशनआधी त्यांनी नमुना हातात दिला: पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी कडी, आत बोटाने ढकलली की कलणारी पांढरी चकती.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने ही घडवली. पहिली तीन मॉडेलं फसली, चौथं टिकलं. चौकट कोबाल्टच्या मिश्रधातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली, म्हणजे जोड तुटायची भीती नाही. चकती खास पॉलिथिलीनची, त्यामुळे आवाज मऊ. रात्री पंखा बंद केला की आईच्या उशाशी बारीक टिकटिक येते. मला तर तिच्यामुळेच झोप लागते. १९९० साली ही झडप पहिल्यांदा माणसात बसवली गेली.

एक गोष्ट मात्र खटकली. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची, पण मेथी-पालकाचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं, हे डिस्चार्जच्या वेळी कोणी धड सांगितलं नाही. थंडीत मंडईतून जुड्याच्या जुड्या आणल्या आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, १.६ वर घसरला. डॉक्टरांनी डोस बदलला. आता वहीत तारीखवार आकडे असतात.

परवा आई पर्वती चढली. एकदाच टेकली, तेही भेळ खायला.