मेन्यूत ‘एपीएस’ दिसलं की आधी दर आणि वजन विचारा

मुंबई असो, पुणे असो, मालवण असो की गोवा, महागड्या सी-फूड रेस्टॉरंटमध्ये फसलेल्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच जागी सुरू होतात. मेन्यूत पापलेट, रावस, शेवंड, चिंबोरी यांच्यापुढे आकडा नसतो. तिथे ‘एपीएस’ असतं, म्हणजे आकाराप्रमाणे किंमत. वेटर बर्फावर मांडलेल्या मासळीचा ट्रे घेऊन येतो. ‘आज पापलेट एकदम फ्रेश आहे सर, हे मोठं घ्या, चौघांना पुरेल,’ म्हणतो. टेबलावरचे कौतुकाने बघतात, कोणीतरी मान हलवतं, आणि ऑर्डर गेलेली असते. दर कोणी विचारत नाही. सोबत पाहुणे असतात, सासरची मंडळी असतात, ऑफिसातले साहेब असतात. त्यांच्यादेखत ‘कितीला?’ विचारायची भीड वाटते, आणि पुढचा सगळा व्यवहार या भिडेवरच चालतो.

विचारलं तरी उत्तर अर्धवट मिळतं. ‘दोनशे ऐंशी’ असं कानावर पडतं, पण तो दर १०० ग्रॅमचा असतो. पापलेट ६५० ग्रॅमचं भरलं तर एका माशाचे १,८२० रुपये झाले. दोन चिंबोऱ्या मिळून १,१०० ग्रॅम आणि दर २२० रुपये असेल तर २,४२० रुपये. दर जास्त आहे म्हणून ही फसवणूक ठरत नाही. चांगल्या मोठ्या पापलेटला बाजारातही पैसे मोजावे लागतातच. ऑर्डर घेताना एकूण रक्कम मुद्दाम न सांगणं, ही फसवणूक. म्हणून प्रश्न नेमका विचारायचा: ‘या माशाचं वजन किती, आणि हाच मासा तंदूर करून आला तर बिलात किती रुपये लागतील?’ रुपयांत उत्तर मिळेपर्यंत हो म्हणायचं नाही.

वजन कच्च्या माशाचं धरतात, आणि त्यात गैर काही नाही. साफ करताना आतडी, कल्ले, पर जातात आणि शिजताना पाणी आटतं, त्यामुळे ताटातला मासा वजनापेक्षा लहान दिसणारच. गडबड होते ती वजनकाट्यावर. ट्रे आणि बर्फासकट वजन घेतलं जातं, किंवा काटा आधी शून्यावर आणलेला नसतो. चिंबोऱ्या जाड, ओल्या सुतळीने बांधलेल्या असतात आणि त्या सुतळीचे पैसेही चिंबोरीच्याच दराने लागतात. मासा आत नेऊन तोंडी वजन सांगत असतील तर ‘काटा इथे आणा किंवा मी आत येतो’ म्हणायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, आणि त्याचं प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल असं लावावं लागतं. काट्यावर मासा असताना आकड्यासकट फोटो काढा. एवढ्याने निम्मी गडबड जागच्या जागी थांबते.

दुसरी चलाखी यापेक्षा वाईट. ट्रेमध्ये दाखवलेला मासा एक आणि ताटात आलेला दुसरा. ट्रेमधलं ताजं पापलेट संध्याकाळभर टेबलाटेबलावर फिरतं आणि स्वयंपाकघरात फ्रीजरमधलं शिजतं. उपाय सोपा आहे: अख्खा मासा मागवायचा, डोकं आणि शेपटी लावूनच आणायला सांगायचं, आणि ट्रेमधल्या माशाच्या शेपटीला समोरच एक चीर पाडून घ्यायची. तुकड्यांचं कालवण किंवा फ्राय हवं असेल तर डोकं रश्श्यात घालायला सांगा. ट्रेमध्येच ताजेपणा बघायचा तर डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले लालबुंद हवेत, बोट दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर ते ताजं. लालसर किंवा काळपट आलं तर परत पाठवा. चिंबोरीच्या पोटाची कवटी कडेला दाबून बघा. ती दबली तर आत मांस कमी आणि पाणीच जास्त. नुकती कात टाकलेली चिंबोरी वजनाला भरते आणि खायला पोकळ निघते.

मासळीच्या नावांतही फसगत आहे. ‘रावस फिंगर्स’, ‘फिश अँड चिप्स’, ‘ग्रिल्ड फिलेट’ अशा पदार्थांत मासा ओळखण्याजोगी कातडी नसते, काटा नसतो, म्हणून बासा खपवायला हीच सोयीची जागा. बासा म्हणजे गोड्या पाण्यात वाढवलेला स्वस्त मासा. त्याचं मांस पांढरंफटक, मऊ, जरा पाणचट. फोर्कने दाबलं की लगद्यासारखं होतं आणि समुद्राच्या मासळीची चव त्याला नसते. रावसाचे जाड, घट्ट पापुद्रे सुटतात. पापलेटच्या नावाखाली हलवा येतो. हलवा चवीला वाईट नाही, पण तो पापलेट नव्हे आणि त्याचा दर पापलेटचा असू शकत नाही. ‘टायगर प्रॉन्स’ मागवले तर शिजल्यावरही अंगावर गडद लाल पट्टे दिसले पाहिजेत. एकसारखी फिकट गुलाबी कोळंबी आली तर ती बहुधा तळ्यातली व्हेनामी असते. सॅलडमधल्या ‘क्रॅब स्टिक’मध्ये तर साधारणपणे चिंबोरी नसतेच, माशाच्या लगद्याला रंग आणि वास देऊन ती कांडी बनते. यातला एकही पदार्थ खाण्याने अपाय होत नाही, पण मेन्यूतल्या नावाचे पैसे घेतले असतील तर ताटात तेच यायला हवं.

जून-जुलैत जास्त सांभाळा. महाराष्ट्र आणि गोव्यात १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. ती ३१ जुलैपर्यंत चालत आली आहे. त्या दिवसांत ‘आजच बोटीवरून आलेली सुरमई’ असं कोणी सांगितलं तर ‘कुठल्या बंदरातून?’ एवढंच विचारा. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी बर्फातून इकडे येऊ शकते. ‘पूर्व किनाऱ्याची आहे’ किंवा ‘कोल्ड स्टोरेजची आहे’ असं सरळ सांगणारं रेस्टॉरंट प्रामाणिक समजा. पावसाळ्यात खाडीची मासळी आणि चिंबोऱ्या मिळतात, त्या मागवलेल्या बऱ्या.

शाकाहारी टेबलही यातून सुटत नाही. पनीरऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेलं ‘ॲनालॉग’ वापरलं जातं. ते वापरायला बंदी नाही, पण ते पनीर म्हणून विकणं चूक आहे. आयोडीनचा थेंब टाकून बघण्याची पद्धत सध्या फार चालते. तिच्यावर पूर्ण विसंबू नका. आयोडीन फक्त स्टार्च दाखवतं. तेल आणि दूध पावडरीचं ॲनालॉग निळं होतच नाही, आणि खऱ्या पनीरला लावलेल्या कॉर्नफ्लोअरमुळे ते निळं होऊ शकतं.

ज्या रेस्टॉरंटबद्दल एकजण फसवल्याची तक्रार करतो, त्याच रेस्टॉरंटबद्दल दुसरं कोणी ‘उत्तम जेवण, उत्तम सर्व्हिस’ म्हणतं, आणि तेही खोटं नसतं. त्या माणसाने ठरलेल्या दराचे पदार्थ मागवलेले असतात, आणि तो मंगळवारी रात्री आठला गेलेला असतो. रविवारी दुपारी दीडला तीच जागा वेगळी असते. एका वेटरकडे नेहमीपेक्षा जास्त टेबलं, आत केओटींचा, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा ढीग, मसाला लावून तासन्‌तास ठेवलेले तुकडे आणि घाईत तव्यावरून काढलेली सुरमई. उशीर झाला, मासा हाडाशी कच्चा राहिला, सोलकढी गरम आली, हा ढिसाळपणा झाला. तो सांगितला तर चांगलं रेस्टॉरंट पदार्थ बदलून देतं. ढिसाळपणा आणि फसवणूक एकाच मापाने मोजू नका, नाहीतर खरी तक्रार हलकी पडते. मासा कच्चा असेल तर दुसऱ्या घासालाच सांगा. अर्धा संपल्यावर बदलून मिळत नाही, आणि ते रास्तच आहे.

टेबलावर न मागता आलेल्या वस्तूंकडे लक्ष ठेवा: पापडाची टोपली, तळलेली बोंबलाची बशी, सोलकढीचे छोटे ग्लास. हात लावायच्या आधी ‘हे बिलात येतं का?’ विचारा. पाण्याचा प्रश्नही असाच गुंडाळलेला असतो: ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ दोन्ही उत्तरांना पैसे पडतात. ‘साधं फिल्टरचं पाणी’ असं तिसरं उत्तर द्यायचं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून पुष्कळ लोक भांडतात, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना बसून खाणाऱ्या ग्राहकाकडून तसे घ्यायला मोकळीक दिली आहे. म्हणून भांडण बाटली फोडल्यावर नको, दर आधी विचारायचा.

दारूचं थोडक्यात. लहान पेग ३० मिली, मोठा ६० मिली. ‘एक व्हिस्की’ म्हटलं की मोठा येतो, तोही वरच्या ब्रँडचा, म्हणून ब्रँड आणि माप दोन्ही बोला. बाटली टेबलावर आणून, मापाने, समोर ओतायला सांगा. वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. चौघे पिणार असतील तर ग्लासाग्लासाने घेण्याआधी बाटलीचा दर बघा. ‘रिपीट सर?’ला मानेने उत्तर देऊ नका.

आता बिल. खाण्याचे ७,००० आणि दारूचे २,००० झाले असं समजू. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३५०. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. तो १० टक्के धरला तर २००. बरोबर बिल ९,५५० रुपये. चुकीचं बिल असं बनतं: ९,००० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज ९००, मग दारू आणि सर्व्हिस चार्जसकट सगळ्या ९,९०० वर जीएसटी ४९५, शिवाय व्हॅट २००. एकूण १०,५९५. तब्बल १,०४५ रुपये जास्त गेले, आणि पाव्हण्यांसमोर बिलावरून बोट फिरवायला नको म्हणून ते भरलेही जातात.

जीएसटी १८ टक्के दिसला तर लगेच फसवणूक समजू नका. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला तो दर लागतो. शंका असेल तर बिलावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाका. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. तिथे ‘कंपोझिशन’ असं दिसलं तर त्या रेस्टॉरंटला ग्राहकाकडून जीएसटीचा एक रुपयाही घेता येत नाही. बिलावर अन्न सुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांकही हवा.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही, तो पैसा रेस्टॉरंटकडे जातो. ‘सर, हे कंपल्सरी आहे’ या वाक्याला कायद्याचा आधार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, त्याच्यासाठी प्रवेश अडवायचा नाही, बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंट संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला या सूचना कायम ठेवल्या. संघटनांनी त्यावर अपीलही केलं. ‘स्टाफ वेल्फेअर’, ‘कॉन्ट्रिब्युशन’ अशी नावं दिसली तरी हरकत घ्या. वेटरवर आवाज चढवू नका, बिल तो बनवत नाही. मॅनेजरला बोलावून सांगा: ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या. टीप मी वेगळी देईन.’ आणि सर्व्हिस चांगली असेल तर टीप खरंच द्या, वेटरच्या हातात.

नकार मिळाला तर अडून बसण्यात रात्र घालवू नका. कार्डने किंवा यूपीआयने पैसे भरा, बिलाच्या प्रतीवर ‘सर्व्हिस चार्ज हरकत नोंदवून भरला’ असं लिहून तारीख-सही करा. यूपीआय करताना स्क्रीनवरचं नाव बिलावरच्या फर्मच्या नावाशी जुळतंय ना, ते बघा. वजनाचा वाद असेल तर त्या टेबलाच्या केओटीची प्रत मागा. त्यावर पदार्थ, वेळ आणि बहुधा ग्रॅमही असतात. बिलात ७८० ग्रॅम आणि तुमच्या फोटोत ६५० असेल तर मॅनेजरकडे उत्तर उरत नाही.

फसवणूक कधीकधी रेस्टॉरंटच्या दाराबाहेरच होते. नामांकित थाळीवाल्यांच्या नावाने सोशल मीडियावर ‘एका थाळीवर दोन मोफत’ अशा जाहिराती फिरतात. फोन केला की बुकिंगसाठी १० रुपये मागतात, लिंक पाठवतात, कार्डाचा तपशील आणि ओटीपी घेतात, आणि खातं रिकामं होतं. त्यात त्या रेस्टॉरंटचा काही संबंध नसतो. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० वर सायबर तक्रार करा. जितका उशीर तितकी रक्कम गोठवायची शक्यता कमी.

जास्तीच्या बिलासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, किंवा व्हॉट्सॲपवर ८८००००१९१५. भेसळ, शिळी मासळी, नावापेक्षा वेगळा पदार्थ यासाठी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००-२२२-३६५. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीला बिल, पैसे भरल्याचा पुरावा, मेन्यूच्या त्या पानाचा फोटो आणि काट्यावरचा फोटो जोडा. आणि बिलाचा फोटो त्याच रात्री काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, आणि तारखेला हातात कोरा कागद उरतो.