बेळगावात वेब डिझाइन शिकताना: बीसीए आणि बाहेरचा क्लास, वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पावतीवरून भांडण झालं म्हणून हे लिहायला घेतलंय, ते आधीच सांगते. क्लासची फी ठरली होती ३२,००० रुपये. शेवटचा हप्ता भरायला गेले तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, वरून १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५,७६०. खासगी क्लासच्या फीवर जीएसटी लागतो हे खरं आहे. पण जो कर घेतो त्याने पावतीवर स्वतःचा जीएसटी क्रमांक द्यायचा असतो, आणि माझ्या हातात ठेवली ती पावतीपुस्तकातली कार्बन कॉपी. क्रमांक विचारला तर "तो सिस्टीममध्ये आहे" असं उत्तर. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या क्लासला नोंदणी करावी लागत नाही, पण मग त्याला कर गोळा करायचाही अधिकार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मी तिथेच उभं राहून लावायला घेतला, तेव्हा मॅनेजर आतून आले आणि ५,७६० रुपये माफ झाले. खानापूर तालुक्यातून शक्ती योजनेच्या फुकट बसने ये-जा करते म्हणून हा क्लास परवडला. अशा घरातून पैसे घेताना असा व्यवहार करू नये, इतकंच म्हणणं आहे.

आता मुद्द्याचं. पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, वेब डिझाइन हा मेन विषय धरावा का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. मी आसपास शोधलं तेव्हा त्याच नावाची वेगळी पदवी हाती लागली नाही. आपल्याकडे बहुतेक जण बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, करतात आणि त्यातून वेबकडे वळतात. इंजिनिअरिंगला गेलात तरी चित्र फार वेगळं नाही. खरी डिझाइनची पदवी हवी असेल तर बी.डेस., आणि त्यासाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड किंवा एनआयडीची परीक्षा. तयारी पीयूसीच्या पहिल्या वर्षापासून हवी, राहण्याचा खर्च वेगळा. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, त्यामुळे बीसीएला चौथं वर्ष लागेल का ही भीती आता नाही. मी बीसीए घेतलं आणि डिझाइनसाठी बाहेरचा क्लास लावला.

क्लासच्या माहितीपत्रकावर अडोबी एक्सडी हे पानाचा आराखडा काढायचं सॉफ्टवेअर ठळक अक्षरांत होतं. अडोबीने त्याचा विकास कधीच थांबवला आहे. तेच काम आता फिग्मा या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, आणि फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट आहे. पानाची मांडणी पहिले दोन महिने फ्लोट ही जुनी पद्धत वापरून शिकवली. त्याच कामाची नवी पद्धत, ग्रिड, २०१७ सालापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, ते आम्हाला "अॅडव्हान्स" म्हणून शेवटच्या आठवड्यात दाखवलं. हे सगळं मी सोडून देईन. एक गोष्ट सोडणार नाही, आणि ती म्हणजे देवनागरी.

पूर्ण कोर्समध्ये मराठीचं किंवा कन्नडचं एकही पान आम्हाला करायला दिलं नाही. सराव म्हणून दिलेले सगळे नमुने परदेशी कॉफी शॉपचे. मग मला पहिलं खरं काम मिळालं, वडगावच्या एका साडीविणकर काकांची साइट. त्यांचे स्वतःचे माग आहेत, गिऱ्हाईक मराठीही आणि कन्नडही, त्यामुळे साइट तीन भाषांत हवी होती. क्लासमधलाच टेम्प्लेट घेतला, इंग्रजीच्या जागी मराठी मजकूर टाकला आणि काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून शीर्षक बघितलं आणि म्हणाले, "अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तुटली की गं पोरी. धागा तुटल्यासारखं दिसायला लागलंय."

खरंच तुटली होती. इंग्रजी शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून टेम्प्लेटमध्ये लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, दिलेलं असतं. देवनागरीत तेच दोन पिक्सेल लागले की शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते. दुसरी भानगड लाइन-हाइटची, म्हणजे ओळीच्या उंचीची. शीर्षकाला १.१ ठेवलेली असते. इंग्रजीला ती चालते. मराठीत शीर्षक दोन ओळींवर गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. कन्नडमध्ये तर ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली उतरतं, त्यामुळे तिथे आणखी जागा लागते. मी शेवटी मराठी आणि कन्नड दोन्हींना लेटर-स्पेसिंग शून्य केलं, लाइन-हाइट १.६ च्या आसपास नेली आणि प्रत्येक भाषेच्या भागाला भाषा सांगणारी लँग ही खूण लावली: मराठीला एमआर, कन्नडला केएन. एमआर लावल्याचा आणखी एक फायदा नंतर कळला. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या पुस्तकांत छापतात त्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. शिवाय डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी जे स्क्रीन रीडर असतात, ते पान कोणत्या भाषेत वाचायचं हे याच खुणेवरून ठरवतात. वेब सुगमतेच्या जागतिक नियमांत पानाची भाषा सांगणं अगदी पहिल्या पातळीवर सक्तीचं आहे. ३२,००० रुपयांत हे एक वाक्य कुणी बोललं नाही.

मजकुराचा घोळ वेगळाच. काकांनी जुन्या जाहिरातीचा मजकूर डीटीपीवाल्याकडून पेन ड्राइव्हवर आणून दिला. तो युनिकोडमध्ये नव्हता, जुन्या फॉन्टमध्ये होता. साइटवर चिकटवला तर नुसती चिन्हं. सगळा परत टाइप केला, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर. सीमाभागात साइटची कामं घेणार असाल तर मराठी टायपिंग आत्ताच हातात बसवा, कारण पत्रिकेपासून मंडळाच्या अहवालापर्यंत बरंच काही अजून जुन्या फॉन्टमध्येच पडून आहे.

बीसीएबद्दल माझं मत मधेच पालटलं, तेही लिहिते. पहिल्या दोन सेमिस्टरला मी सगळ्यांना सांगत होते की वेब करायचं असेल तर पदवीची गरज नाही. सी भाषा, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, यांचा डिझाइनशी काय संबंध असं वाटायचं. मग काकांना साड्यांची यादी हवी झाली: रंग, काठ, पदर, किंमत, आणि एकच साडी तीन भाषांत. आधी मी प्रत्येक भाषेसाठी वेगळं टेबल केलं होतं. किंमत बदलली की तीन ठिकाणी बदलायची, आणि एक ठिकाण हमखास राहून जायचं. डीबीएमएसच्या (डेटाबेसच्या) तासाला शिकवलेलं नॉर्मलायझेशन तिथे कामाला आलं. साडी एका टेबलात, तिची नावं भाषेसकट दुसऱ्या टेबलात, किंमत एकाच जागी. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, नव्या होस्टिंगकडे (साइट ठेवायच्या जागेकडे) वळवल्यावर साइट काकांच्या मोबाइलवर दिसेना आणि माझ्यावर दिसत होती. डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या यंत्रणेचा, जुना पत्ता कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) किती वेळ राहतो ते नेटवर्कच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलेलं, त्यामुळे घाबरले नाही. काकांना "संध्याकाळपर्यंत येईल" म्हणून सांगता आलं, आणि आली. आज मला कुणी विचारलं तर मी बीसीए आधी सांगेन, क्लास नंतर. किंवा क्लास नाहीच.

क्लासमधली एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. जावास्क्रिप्ट शिकवायला निपाणीकडचे एक सर यायचे. ते स्लाइड दाखवत नसत. ब्राउझरचा कन्सोल उघडायला लावायचे, एक ओळ आम्ही लिहायची, चुकलं की लाल अक्षरांतला मेसेज मोठ्याने वाचायचा, आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. इंग्रजी एररला घाबरणारी मराठी माध्यमातली आम्ही पोरं त्यांच्यामुळे सरळ झालो. त्यांचे तास बाकीच्या निम्म्या फीच्या मोलाचे होते. ते मधेच पुण्याला नोकरीला गेले आणि जागा भरली नाही.

बाकी जे शिकले ते फुकट शिकले. एमडीएन या माहितीच्या साइटवर एचटीएमएल आणि सीएसएसचा प्रत्येक गुणधर्म उदाहरणासह आहे. कोड लिहायचं व्हीएस कोड फुकट, गिटहब पेजेसवर साधी साइट फुकट चढते, गूगल फॉन्ट्सवर 'मुक्त' आणि 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट फुकट. खर्च येतो तो डोमेनचा, आणि डेटाबेस लागला तर होस्टिंगचा. डोमेन घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर काय ते बघा.

कामाचं म्हणाल तर नुसतं "वेब डिझायनर" म्हणून पगारी नोकऱ्या बेळगावात मला थोड्याच दिसल्या. ज्यांना नोकरीच हवी ते पुणे नाहीतर बेंगळूर गाठतात, आणि तिकडे डिझाइनसोबत जावास्क्रिप्ट पक्कं लागतं. पण फुटकळ कामं इथे आहेत. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉप आहेत, त्यांना बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी कॅटलॉग लागतो. दुकानदार, शाळा, पतसंस्था यांना तिन्ही भाषा लागतात. काकांनी १२,००० दिले आणि वर्षाच्या देखभालीचे वेगळे कबूल केले. त्यांच्या ओळखीतून दुसरं काम आलं. हे पैसे पोट भरण्याइतके नाहीत, शिकता शिकता मिळणारे आहेत, आणि घरी दाखवायला पुरेसे आहेत.

एआय आल्यावर हे शिकून काय उपयोग, असंही विचारतात. मी एआयकडून साडीच्या दुकानाचं मराठी पान करून घेऊन बघितलं. मिनिटात दिलं, दिसायलाही चांगलं. आणि शीर्षकावर तेच लेटर-स्पेसिंग, रेघ तशीच तुटलेली. काय चुकलंय ते मला दिसलं म्हणून एका ओळीत दुरुस्त झालं. साधी पानं करून देणाऱ्याचं काम यापुढे कमी होणार, यात मला शंका नाही. तिन्ही लिप्या डोळ्यांना कळणाऱ्या माणसाला इथे अजून काम आहे असं मला वाटतं, आणि त्याच भरवशावर मी पुढची दोन वर्षं यात घालतेय.

कुठल्याही क्लासला पैसे भरायच्या आधी त्यांच्या मास्तरांना समोर बसून एक मोठं मराठी शीर्षक टेम्प्लेटमध्ये टाकायला सांगा, दोन ओळींवर जाईल एवढं लांब. त्यावर ते काय करतात ते बघा. फी जीएसटी धरून किती, हेही लिहून घ्या, क्रमांकासकट. आमच्या क्लासला मी पाचपैकी दोन देते, दोन्ही निपाणीच्या सरांचे. बीसीएला चार.