‘स्क्वेअर फुटाला साडेबाराशे, आत सगळं आलं’

सांगलीच्या गावभागातलं एक बैठं घर. चौदा इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, बाहेरून मोजलं तर २५ बाय ३४ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांचं पाणी आत येऊन गेलेलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर होती, यावरून भिंतींची अवस्था समजावी. खाली चार फुटांपर्यंत लोणा (भिंतीतून फुटणारे पांढरे क्षार), फरशी खचलेली, वायरिंग जुनं. निवृत्त नवरा-बायकोनं मुलाच्या लग्नाआधी घर नीट करून घ्यायचं ठरवलं. पाहुण्यांतल्याच कुणीतरी सुचवलेला कॉन्ट्रॅक्टर आला, खोल्यांतून एक चक्कर मारली, बाहेरच्या भिंतींना टेप लावला आणि म्हणाला, “काका, डोक्याला ताप करून घेऊ नका. स्क्वेअर फुटाला साडेबाराशे, आत सगळं आलं. चावी द्या आणि तीन महिन्यांनी घरात या.”

८५० गुणिले १,२५०, म्हणजे १०,६२,५०० रुपये. प्रत्यक्षात गेले ११,४२,२५०, आणि मागच्या दोन खोल्यांत फरशी बसलीच नाही. घराची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आकडे आणि कामाची पद्धत मात्र जशीच्या तशी आहे, कारण हीच पद्धत मिरजेत, ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात), साताऱ्यातही चालते.

नव्या बांधकामाला चौरस फुटाचा दर ठीक असतो. पाया, कॉलम, स्लॅब, भिंती यांचं प्रमाण क्षेत्रफळाशी साधारण बांधलेलं असतं. दुरुस्तीचं तसं नसतं. एकाच मापाच्या दोन घरांपैकी एकाला सगळा गिलावा पाडावा लागतो, दुसऱ्याला नुसता रंग पुरतो. त्यामुळे दुरुस्तीला जो माणूस चौरस फुटावर भाव सांगतो, त्यानं एक तर काम मोजलेलं नसतं, किंवा मोजून तुम्हाला सांगितलेलं नसतं. या घरात ८५० हे बाहेरचं माप. जाड भिंती वजा केल्या तर आतली जमीन भरते ६६० चौरस फूट. मधल्या १९० फुटांवर साडेबाराशेनं २,३७,५०० रुपये लागले, आणि त्या जागेत ना फरशी बसते ना कुणी उभं राहतं.

प्रकरण बिघडल्यावर दुसऱ्या इंजिनिअरकडून बाबवार मोजमाप करून घेतलं, तेव्हाचं चित्र असं. आतल्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता २,२०० चौरस फूट. जुना गिलावा काढून सांधे खरवडायला १४ रुपये फूट, म्हणजे ३०,८००. नवा गिलावा मालासकट ६० रुपयांनी १,३२,०००. जुनी फरशी काढणं, ६८ रुपये फुटाची दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल आणि बसवण्याची मजुरी-माल मिळून सुमारे ९१ हजार. संडास-बाथरूमचा एक संच, पाइप-नळ-टाइल-वॉटरप्रूफिंग सगळं धरून १,६०,०००. वायरिंगचे ४८ पॉइंट आणि डीबी (विजेची मुख्य वाटप पेटी) ७०,८००. गच्चीवरचा जुना कोबा (पाणी अडवणारा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) काढून नवा करायला १,२०,७००. आतला-बाहेरचा रंग ९७ हजार. ग्रॅनाइटचा ओटा ३५,०००. राडारोडा नऊ-दहा ट्रॉल्या, २०,०००. बेरीज साडेसात लाखांच्या थोडी वर. जुन्या घरात फोडल्यावर नवं काहीतरी निघतंच, म्हणून १५ टक्के वर धरायचे, तरी पावणेनऊ लाख. हे दर चांगल्या मालाचे आहेत. स्वस्तात उरकण्याचे नाहीत.

आता कामाकडे. सगळ्यात जास्त चोरी गिलाव्यात झाली आणि ती शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. १२ मिलिमीटर जाडीचा, चारास एक मालाचा (चार भाग वाळू, एक भाग सिमेंट) गिलावा १०० चौरस फूट करायला सांधे भरण्यासह साधारण एक पोतं सिमेंट आणि पाच घनफूट वाळू लागते. म्हणजे २,२०० फुटांना २२ पोती, तीही भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, असेल तर. जुन्या भिंती वाकड्या असतात, काही ठिकाणी जाडी २०–२५ मिलिमीटरवर जाते, मग पोती वाढतात. या घरात दुकानाच्या चिठ्ठ्यांवरून गिलाव्यासाठी आलेली पोती १३ भरली. वाळू भरपूर होती. हिशेब केला तर माल सातास एकच्याही पलीकडे जातो. असा गिलावा पहिले काही आठवडे दिसायला छान असतो. नखानं किंवा किल्लीनं खरवडला की वाळू सुटते, बोटानं वाजवला की पोकळ आवाज येतो. पाणीही सात दिवसांऐवजी दोन दिवस मारलं होतं. पुट्टी चढल्यावर हे काहीच कळत नाही, म्हणून पुट्टीवाला गिलावेवाल्याच्या पाठोपाठ घाईनं येतो. एक साधा उपाय: सिमेंटची रिकामी पोती घरमालकानं स्वतःकडे जमा करून घ्यावीत आणि रोज संध्याकाळी मोजून वहीत लिहावीत. कॉन्ट्रॅक्टरला ही सवय अजिबात आवडत नाही.

लोण्याचा प्रश्न वेगळा. पुराचं पाणी विटांत क्षार सोडून जातं, आणि पायातूनही ओल वर चढत राहते. योग्य पद्धत वेळखाऊ आहे. ओलीच्या खुणेच्या किमान एक फूट वरपर्यंत गिलावा काढायचा, सांधे अर्धा इंच खरवडायचे, कोरड्या ब्रशनं पांढरी पूड झाडायची आणि भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यायची. ओल खालूनच चढत असेल तर जोत्याच्या वर चार-चार इंचांवर भोकं पाडून रसायन भरण्याचा पर्याय असतो. या घरात ‘वॉटरप्रूफ पुट्टी’ नावाखाली जुन्या ओल्या गिलाव्यावरच पांढरा थर मारला होता. पुट्टी बाहेरून येणारं पाणी थोडंफार अडवेल, पण विटेतून येणारा क्षार तिला मागून ढकलून पाडतो. पहिल्या पावसाळ्यातच पापुद्रे सुटले. एवढं करून त्याचं वेगळं बिल ‘वॉटरप्रूफिंग ट्रीटमेंट’ म्हणून लावलं होतं.

गच्चीवर पैशापलीकडचा धोका केला. जुना ब्रिकबॅट कोबा न काढता त्यावर सरासरी चार इंचांचा नवा कोबा टाकला. का? जुना फोडायला मजुरी लागते आणि डबर उतरवून नेण्याचं भाडं लागतं. ८५० फुटांवर चार इंची कोब्याचं वजन पंधरा टनांच्या घरात जातं. एवढा कायमचा बोजा जुन्या स्लॅबवर वाढवण्याआधी सळ्यांची अवस्था पाहायला हवी होती. स्लॅबच्या खालच्या बाजूनं गंजाचे फुगे दिसत असताना तर नक्कीच. कोबा झाल्यावर कडेनं बांध घालून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं आणि खालून छत पाहायचं असतं. “पाऊस पडला की आपोआप टेस्ट होईल की,” असं म्हणून ते टाळलं. पाऊस पडला, टेस्टही झाली, तेव्हा माणूस फोन उचलत नव्हता.

फरशीतली गंमत बारीक आहे, पण घरोघरी चालते. करारात टाइलला ४५ रुपये फूट धरले होते, वरचा फरक मालकानं द्यायचा. दुकानात काकूंना ६८ ची टाइल आवडली. २३ रुपये फरक. दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल, बिलावर १६ चौरस फूट. खरी टाइल ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी, आणि चार मिळून साडेपंधरा चौरस फूट. त्यात ५४ खोकी दाखवली. ६६० फुटांना तुटफूट धरून ४६ पुरतात. फरकाचे पैसे ८६४ फुटांवर घेतले, लागणार होते ७१३ वर. वरची आठ खोकी एक दिवस टेम्पोत परत गेली, आणि परताव्याची पावती घरात कधीच आली नाही. मागच्या खोल्या रिकाम्या राहिल्या त्या निराळ्याच कारणानं: फरशीवाल्या मिस्त्रीची मजुरी थकली आणि तो निघून गेला.

वायरिंगबद्दल थोडक्यात, कारण इथे जिवाचा प्रश्न असला तरी तपासणी सोपी आहे. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार मागावी. १.५ च्या ९० मीटर बंडलात शुद्ध तांबं सव्वा किलोच्या आसपास असतं. बंडल हातात संशयास्पद हलकं लागलं तर तार कापून टोक खरवडा, आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. या घरात गिझरला १.५ ची तार होती आणि अर्थिंगची हिरवी तार बोर्डापर्यंत पोचलीच नव्हती. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवायचं बोलणं झालं होतं. बसला साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता हातानं चालू-बंद करायचा स्विच. दोन्ही दिसायला सारखेच, फक्त आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं.

‘एक्स्ट्रा’ हा शब्द पहिल्या दिवशी कुणी काढत नाही. “आत सगळं आलं” मध्ये राडारोडा नव्हता, माळे नव्हते, दारांची दुरुस्ती नव्हती, बेसिन नव्हतं. सगळं मिळून एक्स्ट्रा झालं १,८६,०००. त्यातल्या डबराच्या १४ ट्रॉल्या २८,००० ला. कोबा तर काढलाच नव्हता. उरलेला गिलावा आणि फरशीचा थर घनफुटात मोजून दीडपट फुगवला तरी पाच-सवापाच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), फार तर सहा ट्रॉल्या भरतात.

हे सगळं पचलं ते हप्त्यांमुळे. ४० टक्के सुरुवातीला, ३० गिलावा सुरू होताना, २० फरशी सुरू होताना, १० शेवटी. नीट वाचा: शेवटचे १० टक्के सोडले तर प्रत्येक हप्ता काम सुरू होताना आहे, पूर्ण झाल्यावर नाही. फरशीचं पहिलं खोकं उतरलं त्या दिवशी ९० टक्के, म्हणजे ९,५६,२५० रुपये देऊन झाले होते. तिथून पुढे त्या माणसाला या घरात येण्याचं आर्थिक कारण उरलं नव्हतं. उचल १० टक्क्यांवर जाऊ देऊ नये, महाग माल स्वतःच्या नावाच्या बिलानं आणावा, बाकीचे पैसे झालेलं काम टेपनं मोजून द्यावेत आणि ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावेत. चांगला कॉन्ट्रॅक्टर यावर कुरकुर करतो, पण कबूल होतो.

करार नव्हता असं नाही. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला होता. त्यात एकही माप नव्हतं, सिमेंट-तार-पाइपचा दर्जा ‘उत्तम प्रतीचा’ एवढाच, आणि काम संपवायची तारीख ‘अंदाजे’. बिलाचंही तसंच. “बिल कशाला, १८ टक्के जीएसटी वाचतोय की,” म्हणत कॉन्ट्रॅक्टरनं बरीचशी रक्कम रोखीनं आणि उरलेली स्वतःच्या मेहुण्याच्या यूपीआयवर घेतली. पुढे त्यानं ते पैसे मेहुण्याचे उसने होते असा पवित्रा घेतला. लेटरहेडवर जीएसटी नंबर छापलेला असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते लगेच पाहता येतं. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो.

प्रकरण इथपर्यंत आलेलंच असेल तर घाईनं दुसरा मिस्त्री लावू नका. त्यानं गिलावा पाडला की पहिल्याच्या चोरीचा पुरावाही ट्रॉलीतून जातो. आधी परवानाधारक इंजिनिअरकडून लेखी मोजमाप आणि कामाच्या दर्जाचा अहवाल घ्या, तारखेसह फोटो काढा, गिलाव्याचे तुकडे आणि तारेचे नमुने पिशवीत घालून ठेवा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. मग स्पीड पोस्टानं नोटीस. पोलिसांत फसवणुकीची तक्रार आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते, पण अर्धवट कामाला तिथे बहुतेकदा ‘दिवाणी बाब’ म्हणतात. त्यामुळे खरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि या घरासारखी रक्कम दहा ते वीस लाखांत असेल तर ४०० रुपये. वकील असलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घेतला तरी नोटिशीत तो लिहिता येतो.