नॉर्वेच्या क्रूझवर बाबांची दाढ तुटली : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बाबांची दाढ आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगते.

गेल्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन जर्मनीतल्या कीलहून क्रूझवर गेले होते. बर्गन सोडलं त्या रात्री जेवताना, पावाची कडक कड चावताना बाबांची खालची दाढ अर्धी तुटली. जहाजावरच्या दवाखान्यात डॉक्टर होते, नर्स होत्या, पण दातांचे डॉक्टर नव्हते. बहुतेक जहाजांवर नसतातच. वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि तपासणीचे पैसे केबिनच्या बिलात चढले. दुसऱ्या दिवशी गायरांगर. गाव जेमतेम अडीचशे वस्तीचं, तिथे दाताचं काही होणार नाही म्हणाले. सगळे डेकवर फियोर्ड (उंच डोंगरांमधली समुद्राची चिंचोळी खाडी) बघत होते आणि बाबा गालाला हात लावून केबिनमध्ये. तो दिवस मला फार जड गेला.

संध्याकाळी रिसेप्शनवर चौकशी केली, तेव्हा कळलं की बंदरात जहाजाचा स्थानिक एजंट असतो आणि तो दवाखान्याची वेळ ठरवून देऊ शकतो. हे आदल्या रात्रीच विचारायला हवं होतं.

पुढचं बंदर ऑलेसुंद, तिथे जहाज शहरातच लागतं. साडेनऊची वेळ मिळाली होती, चालत गेलो. डॉक्टरबाईंनी खुर्चीत बसवण्याआधी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? बाबांना क्लोपिडोग्रेल चालू आहे. गोळ्यांची यादी मी मूळ नावांनी लिहून नेली होती, म्हणून निभावलं. आपल्याकडच्या ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळणार? त्यांनी दाढ न काढता औषध घालून तात्पुरतं सिमेंट भरलं, आणि जहाज सुटायच्या किती आधी परत पोचायचंय हे आठवणीने विचारून घेतलं. एक्सरे आणि इंग्रजीतली चिठ्ठी ईमेलने पाठवली. त्यावरून नाशिकला आल्यावर रूट कॅनाल झालं, कॅप बसली. बाबा आता त्या बाजूने शेंगदाणेही खातात.

नॉर्वेत मोठ्या माणसांचे दात बहुतेक खासगी दवाखान्यातच आणि स्वतःच्या खर्चाने होतात. तिथल्या लोकांचंही तसंच, त्यामुळे बिल मोठं असणार हे धरूनच चाला. आमचा घोळ विम्यात झाला. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसा) तीस हजार युरोंचा विमा लागतो, तेवढा होता म्हणून मी निर्धास्त होते. पण त्यात दातांसाठी वेगळी, बरीच लहान मर्यादा होती. पैसे साडेचार महिन्यांनी आले, तेही निम्म्याहून कमी. नाशिकचा खर्च त्यात बसलाच नाही. पॉलिसीतली ‘डेंटल’ची ओळ निघण्याआधी वाचा, आणि उपचाराआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी फोन नंतर केला.

ताप आला, कोणी पडलं, पोट बिघडलं, तर बंदरात उतरल्यावर ११६११७ लावा. तिथल्या तातडीच्या दवाखान्याला ‘लेगेवाक्त’ म्हणतात. जिवावर बेतलं तर ११३. पॅरासिटामॉल किराणा दुकानातही मिळतं, पण अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही, आणि भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालत नाही. रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या न्या.

मार्चमध्ये बाबा म्हणाले होते, जायच्या आधी एकदा दात दाखवून घेऊ. मीच म्हणाले, आल्यावर जाऊ.